एनॉकची उजवी बाजू

२ मे १९६६, सोमवार

एनॉकला उजवी बाजू नाही, असं आज वॉडलोसाहेबांनी जाहीर केलं. तेही टेलिव्हिजनच्या माणसासमोर! त्या माणसाने वहीत लिहूनही घेतलं.

आता एनॉक आहे बोकड. बोकडाला डावी बाजू असली की उजवी आपोआप येते. पण पेपरातल्या आमच्या चित्रपट्टीत तो पहिल्या दिवसापासून डावीकडेच तोंड करून उभा आहे. चौदा वर्षं! एक डोळा, एक शिंग, एक कान. उजवीकडे जायचं असलं की उलट्या पावलांनी जातो, ढुंगण पुढे. लोक सकाळी पेपर उघडतात आणि त्याला हसतात. टपालपेटीतली पत्रं खातो, अवाक्षर बोलत नाही आणि वळत नाही. एवढंच त्याचं भांडवल.

'आमची' म्हणजे चेस्टर वॉडलो यांची. सही त्यांची असते. काढते मी — गेली अकरा वर्षं, पॅसाडीनात त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत बसून. हे त्यांना माहीत, मला माहीत आणि या वहीला माहीत. कुणाला सांगणार नाही असं मी कागदावर लिहून दिलंय. फ्रेस्नोला आई शेजारपाजारी सांगते, 'आमची लोर्ना टायपिंग करते.' वॉडलोसाहेब गोल्फ खेळतात. त्यांची सहीसुद्धा मला त्यांच्यापेक्षा बरी जमते. मार्चमध्ये दुकानात एका बाईने त्यांची सही मागून घेतली, नीट पाहिली आणि म्हणाली, 'ही खोटी आहे.'

तर टेलिव्हिजन. नाताळासाठी अर्ध्या तासाची हलती फिल्म करायची आहे. दिग्दर्शक गस पेट्राकिस — जाडे, घामाघूम, भले गृहस्थ. म्हणाले, 'स्टुडिओत प्रत्येक पात्राचा चारी बाजूंचा तक्ता लागतो. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून. तुमचे तुम्हीच काढून द्या, वॉडलो!' साहेबांनी पेन्सिल हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, 'उजवी बाजू नाहीये त्याला.'

पेट्राकिसनी ते वहीत लिहून घेतलं. मग हळूच म्हणाले, 'काय विचार आहे!'

३ मे

मी इथे लागले त्या दिवशी साहेबांनी एकच नियम सांगितला होता. 'टीग, एनॉक वळत नाही. का, ते विचारायचं नाही.' मला वाटलं, केवढी ही प्रतिभा! अकरा वर्षं तसंच वाटत होतं. काल त्यांचा चेहरा पाहिला आणि संशय आला. यांनाच माहीत नसावं.

९ मे, सोमवार

युक्ती ठरली. बैठकीत मी 'सेक्रेटरी' म्हणून कोपऱ्यात बसायचं. साहेबांना कुणी काही विचारलं की मी खोकायचं. एक खोकला म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. साहेबांनी आपणहून काहीही बोलायचं नाही.

'आणि कुणी चहा विचारला तर?' साहेब म्हणाले.

'त्याला तुमचं तुम्ही उत्तर द्या.'

'म्हणजे मला पाहिजे की नको, ते मी ठरवायचं?'

हो म्हटलं.

१७ मे, मंगळवार

पहिली मोठी बैठक, साहेबांच्याच दिवाणखान्यात. पेट्राकिस आले होते. आणि फिल्मचा खर्च उचलणाऱ्या बिस्किट कंपनीचे मिस्टर कोलफॅक्स — उंच, दातांची जाहिरात केल्यासारखे हसतात.

कोलफॅक्सना एकच पाहिजे. एनॉकने त्यांची बिस्किटं खायला हवीत.

एनॉक फक्त कागद खातो! मी दोनदा खोकले. साहेब म्हणाले, 'नाही.' कोलफॅक्स म्हणाले, 'एक बिस्किट. अर्धं?' मी दोनदा. 'नाही.' कोलफॅक्स म्हणाले, 'ही सेक्रेटरी आजारी आहे का?' शेवटी पेट्राकिसनी तोड काढली : एनॉक बिस्किटांचा पुठ्ठ्याचा डबा खाईल आणि बिस्किटं सोडून देईल. कोलफॅक्स विचारात पडले. मग म्हणाले, 'पण डब्यावरचं नाव शेवटी खायचं.' एक खोकला.

मग उजव्या बाजूचा विषय निघाला. सगळे गंभीर. नेमक्या त्या वेळी वॉडलोबाई आल्या, हातात हिरव्या जेलीचा डोलता डोंगर, आत गाजर आणि ट्यूना मासा. या बाईंचं टायमिंग! व्हर्ना वॉडलो म्हणजे या घरात फिरणारं एक ताट. कधीही वर बघावं तर ताट. त्यांनी जेली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, 'त्या बाजूला कान नाही त्याला.'

सगळे हसले. मीही हसले. पेट्राकिसनी विचारलं, 'मेयोनीज आहे का हो थोडं?' त्या आणायला गेल्या.

साहेब मात्र कधी नव्हे ते चाचरत म्हणाले, 'कान... कानाचं म्हणजे...' मी दोनदा खोकले. ते गप्प झाले.

२४ मे

गोष्ट ठरली. गावातली तीन मुलं चर्चच्या हॉलमध्ये नाताळचं नाटक करतात. गाईगुरांत उभं राहायला एनॉक. स्टेजवर बाळ येशूचा पाळणा उजव्या हाताला.

म्हणजे एनॉकला उजवीकडे जायचंय. म्हणजे उलट्या पावलांनी. म्हणजे ढुंगण —

कोलफॅक्स उभेच राहिले. 'आमची बिस्किटं पाद्रीसुद्धा खातात!'

पेट्राकिस म्हणाले, 'मग पाळणा डावीकडे घेऊ.' चित्रकारांनी हॉल, पायऱ्या, पियानो, एकशेचाळीस माणसं, सगळं आधीच काढून ठेवलंय. पाळणा हलवायचा तर चर्च पाडावं लागेल.

तेव्हा दीड तास चर्चा करून असा ठराव झाला की एनॉक वळेल. चौदा वर्षांत पहिल्यांदा. कोलफॅक्सना एवढं आवडलं की म्हणाले, 'पेपरात छापू! नाताळात एनॉक वळणार!'

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोकले नाही. कितीदा खोकायचं तेच कळेना.

३१ मे

आईचा फोन. 'खोकतेस काय गं सारखी?' सवय झाली, म्हटलं.

६ जून, सोमवार

आज मी मागितलं.

आठ दिवस आरशासमोर पाठ केलं होतं. गॅरेजच्या पायरीवर साहेबांना गाठलं, गोल्फची पिशवी त्यांच्या खांद्यावर. म्हटलं, 'मिस्टर वॉडलो, फिल्मच्या शेवटी नावं येतात. कागदाचे बोळे झाडणाऱ्याचंही येतं. माझं यावं.'

'काय म्हणून?'

'काहीही म्हणून. "सहाय्य" म्हणून. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती मला टायपिस्ट समजते. मला टाइप करता येत नाही!'

ते पिशवीतल्या काठ्या मोजत राहिले. मग म्हणाले, 'उजवी बाजू काढून दे. लोकांना पटली पाहिजे. नाव घालतो.'

माणूस वाईट नाही. भित्रा आहे. आज मला दोन्ही सारखंच गोड वाटलं. घरी येताना दिसेल त्या पाटीवर माझं नाव वाचत आले. लोर्ना टीग औषधालय. लोर्ना टीग टायर दुरुस्ती.

२२ जून

उजवी बाजू. सतरा कागद फाडले.

डावी आरशात धरून गिरवली, तर तो दुसराच कुणीतरी बोकड दिसतो. कर भरणारा.

१ जुलै, शुक्रवार

अनर्थ!

आज लॉस एंजेलिसवर तो पिवळा धूर उतरला होता. डोंगर गायब, डोळे चुरचुरतात, रेडिओवर 'मुलांना पळायला देऊ नका.' आणि हॉलीवूडला स्टुडिओत बैठक. कोलफॅक्सनी नुसतं विचारलं, 'एनॉक गाईल का?' आणि मला खरा खोकला आला.

पहिला गेला. दुसरा येणार तो घशातच अडकला. जीव खाऊन काढायचा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, पण नाही! साहेब हसून म्हणाले, 'हो. गाईल.'

मग दुसरा आला. तिसरा, चौथा, सातवा. साहेब गोंधळून नुसते होकार-नकार वाटत सुटले. 'खाली दाढी असावी?' हो. 'चष्मा?' नाही. हो. 'चार पायांवरच ठेवायचं ना?' नाही! मला पाणी दिलं तोवर एनॉक दोन पायांवर उभा राहून, एका डोळ्याला चष्मा लावून, बर्फात गाणार होता. आवाज द्यायला कोलफॅक्सचे मेहुणे. ऑपेरात असतात.

पेट्राकिस मला दाराशी गाठून म्हणाले, 'अहो मिस टीग, तुमच्या साहेबांना आज झालंय काय?'

प्रतिभा, म्हटलं.

५ जुलै

निस्तरलं. साहेबांनी मी लिहून दिलेलं फोनवर वाचलं : 'गस, मला रात्रभर झोप नाही. एनॉक माझ्या स्वप्नात आला. तो गात नव्हता.' पेट्राकिस म्हणे फोनवर रडले. मेहुण्यांना पियानो वाजवणाऱ्या मास्तरांचा आवाज दिला. मास्तरांना एकच वाक्य आहे : 'शू!'

चष्मा मात्र राहिलाच होता, तो मी बाळाच्या पाळण्याशी उभ्या मेंढपाळावर ढकलला.

१४ जुलै, गुरुवार

झाली! उजवी बाजू झाली.

शिंग जरा आखूड. डोळा किंचित मोठा, थोडा ओशाळा. आणि कान — काय कान आलाय! टवटवीत, वर उचललेला, कुणीतरी हाक मारल्यासारखा. अकरा वर्षांत मी काढलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे हा कान. साहेब म्हणाले, 'अरे वा, हा तर तोच!' जसे काही रोज भेटतात.

कागद घेऊन खाली आले तर वॉडलोबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात पुसत बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, 'सुंदर काढलंयस. पण कान...' मला स्टुडिओच्या गाडीची घाई होती. मी त्यांच्या कोपराला धरलं, प्रेमाने वळवलं आणि म्हटलं, 'बाई, ओव्हनमधून वास येतोय.'

वास येत नव्हता.

१२ ऑगस्ट

स्टुडिओत शंभर डिग्री. पारदर्शक कागदांवर रंग भरणाऱ्या वीस बायका बर्फ रंगवतायत. पंखा लावला की बर्फ उडतो, बंद केला की चिकटतो. एकीने डोक्यावर ओला टॉवेल घेतलाय आणि म्हणते, 'नाताळ गेला खड्ड्यात.'

एनॉकचं वळणं म्हणजे चोवीस चित्रं. सगळी मी तपासली — 'साहेबांच्या वतीने'. अठराव्यात कान पहिल्यांदा दिसतो. रंग भरणाऱ्या मुलीने विचारलं, 'हे कुणी काढलं हो?' जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

७ सप्टेंबर, बुधवार

नावांची यादी टाइप होऊन आली. शेवटून दुसरी ओळ :

सहाय्य — मिस लोर्ना टीग.

यादी उशीखाली ठेवणार होते. चुरगळेल म्हणून बायबलमध्ये ठेवली.

८ सप्टेंबर

आईला फोन केला. अकरा डिसेंबर, रविवार, सात वाजता. 'शेवटपर्यंत बघायचं हं आई. उठायचं नाही.'

'टायपिंगवाल्यांचं नाव देतात?'

'बघशील तू.'

'मग मी शेजारच्या लटन्सना बोलावते. आणि त्या चर्चच्या बायकांना. त्या ग्लॅडिसचा मुलगा दंतवैद्य झाला तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत.'

१९ ऑक्टोबर, बुधवार

आज पहिल्यांदा सलग फिल्म पाहिली. स्टुडिओतली अंधारी खोली, आम्ही सहाजण. वॉडलोबाई केळ्याचा केक घेऊन आल्या होत्या.

डबा खाण्याला हसू. मास्तरांच्या 'शू!'ला मोठं हसू. पाळणा आला. हॉल चिडीचूप. एनॉक पायरीशी थांबला. घंटा वाजली. बर्फ पडायला लागला — हॉलच्या आत, पण असो. आणि एनॉक वळला. हळू, चोवीसच्या चोवीस. कान आला!

काही नाही.

कुणी हसलं नाही, कुणी नाक ओढलं नाही. दिवे लागले. कोलफॅक्स म्हणाले, 'वळला. बरं. मग?'

पेट्राकिसच्या कपाळावर घाम. 'घंटा वाढवू.'

'घंटा ठीक आहे. वळला — मग काय?'

'बर्फ मोठा करू.'

'मिस्टर वॉडलो,' कोलफॅक्स म्हणाले, 'तुम्ही सांगा. यात आहे काय?' साहेब माझ्याकडे बघतात. मी खोकून काय सांगणार! याला हो-नाहीचं उत्तरच नव्हतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून वॉडलोबाई म्हणाल्या, 'पण मग तो इतकी वर्षं वळत का नव्हता?'

सगळ्यांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग पेट्राकिस म्हणाले, 'केक छान दिसतोय', आणि सगळे उठले. मला भयंकर राग आला. प्रश्न बरोबर होता म्हणून आला, हे आता लिहिताना कळतंय. तीन-तीन महिने आम्ही एवढे शहाणे वळण काढत बसलो आणि का, हे कुणी विचारलं नाही. मलाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, विचारायचं नाही म्हणून!

२० ऑक्टोबर

दिवसभर विचार केला. का वळत नव्हता? गर्व? मान आखडली होती? चित्रपट्टी काढणाऱ्याला दुसरी बाजू जमत नव्हती?

शेवटचं खरं असावं. ते फिल्ममध्ये कसं घालणार.

२४ ऑक्टोबर

घंटा वाढवली. बर्फ मोठा केला. आता एनॉक वळतो तेव्हा भूकंप झाल्यासारखं वाटतं. कोलफॅक्स म्हणाले, 'सुधारणा आहे.'

११ डिसेंबर, रविवार

माझ्याकडे टेलिव्हिजन नाही. घरमालकीण मिसेस ऑस्गुड यांच्याकडे पाहिला. त्यांनी मांजर मांडीवर घेतलं, मी यादी मांडीवर घेतली.

सात वाजता सुरू. डबा खाल्ला — ऑस्गुडबाई हसल्या. मास्तर 'शू!' — मांजर उठून गेलं. वळण आलं. ऑस्गुडबाई म्हणाल्या, 'अगं बाई, वळला की!' आणि चष्मा पुसायला लागल्या. पुसून होईतो तो वळून झाला होता.

मग नावं. काळ्यावर पांढरी, वर सरकत. चेस्टर वॉडलो — मोठ्या अक्षरांत, माझ्याच वळणाच्या सहीत. गस पेट्राकिस. संगीत. रंग भरणाऱ्या वीस बायका. कॅमेरा. शिंपी! (बोकडाच्या फिल्ममध्ये शिंपी कशाला?) आणि त्यानंतर —

बिस्किटं.

पडदाभर बिस्किटं! एक बाई दात दाखवून म्हणते, 'नाताळ म्हणजे कुरकुरीत!' दोन ओळी राहिल्या होत्या. फक्त दोन. वेळ संपला म्हणून कापल्या.

ऑस्गुडबाईंनी विचारलं, 'तुझं कुठलं होतं गं?' मी यादी दाखवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाल्या, 'यात तर आहे.' भली बाई.

आईचा फोन साडेसातला. मागे बायकांचा गलका.

'आई?'

'पाहिलं गं. सगळ्यांनी पाहिलं. ग्लॅडिससुद्धा होती.' मग म्हणाली, 'बिस्किटं छान होती.'

मी रडले. बोकडावरून. बेचाळीस वर्षांची बाई!

१२ डिसेंबर, सोमवार

साहेब म्हणाले, 'टीग, पुढच्या वर्षी ईस्टरची करतायत. तेव्हा नक्की.' आणि गोल्फला गेले.

पत्रं यायला लागली. सगळ्यांना आवडली म्हणे. एकाने लिहिलंय : 'तुमच्या बोकडाची उजवी बाजू अगदी डावीसारखीच निघाली. थोडी निराशा झाली.'

ओमाहाचा कुणी टपाल कारकून आहे. त्याचं पत्र तेवढं वेगळं ठेवलं.

१७ डिसेंबर, शनिवार

वॉडलोबाई दाराशी. पहिल्यांदाच माझ्या घरी. हातात ताट नाही, पत्र्याचा डबा. फ्रूट केक. 'आत नाही येत, चेस्टर गाडीत बसलाय,' म्हणाल्या आणि गेल्या.

केकखाली मेणकागद, त्याखाली एक जुनी, पिवळी पडलेली चित्रपट्टी. शाईची. डिसेंबर १९५१, म्हणजे छापायला सुरुवात व्हायच्या आधीची. एनॉक! रेघ माझी नाही, साहेबांची तर नाहीच. पहिल्या चौकटीत तो डावीकडे तोंड करून, मुलांच्या घोळक्यापासून उलट्या पावलांनी मागे सरतोय. दुसरीत भिंतीला टेकतो. आता जागाच नाही. तिसरीत वळतो. उजव्या बाजूला कान नाही. नुसता फाटका थुटका. मुलं बघतायत, तोंडं मिटून. चौथीत सगळ्यांत लहान मुलीने शेकोटीजवळ टांगलेला आपला नाताळचा मोजा काढलाय आणि टाचा उंचावून त्या थुटक्यावर चढवतेय. शब्द एकही नाही.

मी जमिनीवर बसले. वळला, मग काय, ते हे होतं. बाई मे महिन्यात सांगत होती, जेली हातात घेऊन.

खालचा उजवा कोपरा कात्रीने कापलेला, जिथे सही असते तिथे. कापलेला तुकडा डब्याच्या कडेला वेगळा, टाचणीने चिठ्ठीला लावलेला. तुकड्यावर : व्हर्ना. चिठ्ठीत : 'नाताळात रडकं नको म्हणाला चेस्टर, ही छापलीच नाही. पुढची तीन वर्षं पट्ट्या मी काढल्या, मग तू आलीस. माझ्या वेळी बिस्किटं नव्हती, कात्री होती. केक आठ दिवस टिकतो.'

गोंदाची बाटली आणली. तुकडा लावला. नीट बसला.

टेबलावर जानेवारीची पट्टी कोरी पडलीये. पॅसाडीनाला फोन लावला. साहेबांनी उचलला. म्हटलं, तुम्ही नको, व्हर्नाला द्या. ती आली. मी विचारलं, 'कान नेमका कुठून फाटलाय ते मला नीट सांगता का?'

ती खूप वेळ सांगत होती.